खलनायकाने सुधारावं कसं

वाईट माणसं सुधारली तर माझी हरकत नाही. फुकटात सुधारली तर आहे. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका बघणाऱ्या निम्म्या जगाशी माझं याच एका गोष्टीवरून वाजतं. भागामागून भाग गावं जाळत सुटलेला एखादा माणूस मालिका संपत आली की आकाशाकडे बघतो, मागे पियानो सुरू होतो आणि आपल्याला त्याचं लहानपण दाखवतात. उपाशी पोर, दारुडा बाप, मेलेलं कुत्रं. झालं! बघणारे हमसून हमसून रडतात, नायिका त्याचा हात हातात घेते आणि जळालेल्या गावांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. माझ्या डोक्यात तिडीक जाते.

ही तिडीक वाया जाऊ नये म्हणून मी आणि चिमटा मिळून एक कार्यक्रम करतो. चिमटा म्हणजे माझा सहकारी. आम्ही दोघं दातांच्या लॅबमध्ये कामाला आहोत. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवतात, आम्ही त्यावरून कवळ्या बनवतो. मी मेणात एकेक दात बसवते, तो त्यांना रंग देतो आणि त्याच्या बोटांत कायम एक बारीक चिमटा असतो, जेवतानासुद्धा. दुपारच्या सुट्टीत आम्ही मागच्या खोलीत जातो, प्लास्टरच्या पोत्यांमध्ये फोन उभा करतो आणि आठवड्याला एक भाग रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकतो. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही. ऐकणारे फार नाहीत, पण जे आहेत ते एकापेक्षा एक भांडकुदळ आहेत. त्यामुळे बरं चाललंय.

आमचा सगळ्यात गाजलेला भाग ‘दिवेकरी’ या मालिकेतल्या कप्तानावरचा. समुद्राच्या बांधावर रोज संध्याकाळी दिवे लावणारी एक मुलगी आणि तो बांध फोडून तिची वस्ती बुडवणारा कप्तान, अशी ती गोष्ट. हा कप्तान मला मनापासून पटलेला आहे, कारण तो सुधारण्याचं पूर्ण भाडं भरतो. त्या भागात मी तावातावाने बोलले होते. म्हटलं, बघा, हा आपलं लहानपण सांगत बसत नाही. वेळ वाईट होती, माझा तोल गेला, असली भाषा नाही. सरळ मुलीसमोर उभा राहतो आणि काय केलं ते सांगतो, आत माणसं आहेत हे ठाऊक होतं तेही सांगतो. मग कोणाला न बोलावता, न दाखवता, बांधाचे दगड वाहत राहतो. माफीचा शब्दही काढत नाही. आणि दिग्दर्शकाची कमाल अशी की हा माणूस घरात आला की कधी खुर्चीवर बसत नाही. उपड्या बादलीवर बसतो, खिडकीपाशी, म्हणजे मुलीच्या आणि दाराच्या मधे कधीच येत नाही. “ज्याला लोक भितात,” मी म्हणाले होते, “त्याने खाली बसावं आणि दार मोकळं सोडावं.” या वाक्यावर चिमट्याने पोत्यावर थाप मारली होती. ती रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ताई आमच्याकडे राहायला आली. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. “दारात सापडला,” ती आईला म्हणाली. आईने ते मान्य करून टाकलं, कारण आईला मान्य करायला आवडतं. मला ताईने रात्रीची भांडी आवरताना खरं सांगितलं. गिऱ्हाइकाशी फोनवर बोलताना ती हसली होती. ती पडदे शिवून देते, गिऱ्हाइकाने काहीतरी विनोद केला होता. कोणाशी हसत होतीस, असं भावजींनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दार लावलं.

आमचे भावजी गाडी चालवायला शिकवतात. शिकाऊ माणसं गाडी कुठेही घालतात, ब्रेकऐवजी भलतंच दाबतात, पण भावजींचा आवाज कधी चढत नाही. गावभर त्यांच्या शांतपणाची ख्याती आहे. सगळा चढायचा तो घरी चढतो. ताईला त्याहून एक गोष्ट जास्त खात होती. भावजी पुन्हा पुन्हा तिला सांगत राहिले की तसं काही झालंच नाही, तूच धांदरट, तुलाच नीट आठवत नाही. शेवटी तिलाही आपल्या डोक्याचा भरवसा वाटेनासा झाला होता.

पहिल्यांदा ते ताईला न्यायला आले तेव्हा बसल्या बसल्या रडायला लागले. वडील पट्ट्याने मारायचे, आई बघत बसायची, थंडीत अंगणात उभं करायचे. आईचे डोळे भरून आले. ताईसुद्धा पाघळायला लागली. मला राहवलं नाही.

“भावजी,” मी म्हटलं, “लहानपणाचा भाग लागला की मी तो पुढे पळवते.”

आई माझ्यावर खेकसली. मग त्यांची समजूत घालायला म्हणाली, “तिचं मनावर घेऊ नका हो. त्या जपानी मालिकांमधल्या दुष्ट लोकांवर बोलत असते ती, तसंच बोलायची सवय लागलीय. इंटरनेटवर कार्यक्रम आहे तिचा.”

भावजींनी रुमालाने डोळे पुसले. “हो?” ते म्हणाले. “नाव काय कार्यक्रमाचं?”

आईने कौतुकाने नाव सांगितलं.

पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते. बसले नाहीत. ताईसमोर उभं राहून म्हणाले, “मी दार लावलं. तुझा हात मधे आहे हे मला दिसत होतं. तरी मी जोर केला. आणि वर तुलाच वेड्यात काढलं.” एवढं बोलून ते जिना उतरून गेले. आईने चहाचं आधण ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

ताई माझ्याकडे बघून म्हणाली, “म्हणजे मला नीट आठवत होतं.” तिच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला तो मी विसरणार नाही. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. माणूस निदान खोटं तरी बोलत नाहीये, असं वाटलं.

मग भावजी कामं करायला लागले. आमची मोरी वर्षानुवर्षं तुंबायची, ती एका दुपारी येऊन त्यांनी उपसून काढली. मी आणि ताई घरी नव्हतो. आईला त्यांनी सांगूही नका म्हणून बजावलं, आणि अर्थातच आईने सांगितलं. ताईचं शिलाई मशीन घरून आणून ठेवलं, तेल घातलेलं. तिचं प्लास्टर निघालं पण उजव्या बोटांत कात्री धरायची ताकद आली नव्हती, तर एके दिवशी दारात डाव्या हाताची कात्री कागदात गुंडाळून ठेवलेली मिळाली. चिठ्ठी नाही, काही नाही. ताई ती कात्री उघडत मिटत बसली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

एका सुट्टीच्या दिवशी आईने त्यांना थांबवून घेतलं, बसा म्हणाली. बाहेरच्या खोलीत तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. भावजी मोरीत गेले, बादली घेऊन आले, ती खिडकीपाशी उपडी ठेवली आणि तिच्यावर बसले. मग जरा विचार करून पुन्हा उठले, बादली आणखी थोडी भिंतीकडे सरकवली, म्हणजे ताईच्या खुर्चीपासून दारापर्यंतची वाट अगदी मोकळी राहिली. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिकाऊ माणूस गाडी नीट लावून झाली की शिक्षकाकडे बघतो ना, तसं.

कबुली, कोणाला न सांगता केलेली कामं, माफी न मागणं, बादली, खिडकी. मी कप्तानाबद्दल ज्या क्रमाने बोलले होते, त्याच क्रमाने हा माणूस आमच्या घरात सुधारत आला होता.

त्या दिवशी ते गेल्या गेल्या मी ताईला सगळं सांगितलं. फोनवर तो भाग लावून ऐकवला. ताईने शेवटपर्यंत ऐकला. चिमट्याची थापही ऐकली.

“मला माहितीय,” ती म्हणाली. “त्यानेच सांगितलं मला. गाडीत शिकवण्यांच्या मधल्या वेळात तुझे सगळे भाग ऐकलेत त्याने.”

“अगं मग? पाठ केलंय त्याने!”

“पाठ केलं तर केलं. त्याला माहीत नव्हतं कसं वागायचं ते, तू सांगितलंस, तो तसा वागला. माझ्यासाठी एवढं कोणी कधी केलंय?”

“हे नाटक आहे, ताई.”

“रडला तर नाटक. नाही रडला तर नाटक.” ताईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “मग त्याने करायचं तरी काय? तू सांग. तूच तर नियम करतेस.”

आतून आई म्हणाली, “हिच्या कार्टूनसारखं वागलं तरी हिचं समाधान नाही.” वाईट याचं वाटत होतं की ताईचा प्रश्न रास्त होता. रविवारी परत जायचं असं ताईने ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावर मी दोन दाढा उलट्या बसवल्या. चिमट्याने त्या मुकाट्याने काढून दिल्या आणि म्हणाला, “अगं, खरंच सुधारला असेल तो. माणसं सुधारतात.”

“असेल. मला कसं कळणार? तो जे करतो ते मीच सांगितलेलं असतं.”

“तसं असेल तर,” चिमटा म्हणाला, “तू सांगशील ते तो करेल.”

मी हातातलं मेण खाली ठेवलं आणि मागच्या खोलीत गेले.

आमच्यात शेवट सांगणं हे महापाप असतं. ‘दिवेकरी’चा शेवट मी त्या भागात मुद्दाम सांगितला नव्हता. आता सांगितला. बांध पुन्हा उभा राहतो, मुलगी आपण होऊन कप्तानाच्या होडीत बसायला निघते आणि तो तिला घेत नाही. तुझे दिवे इथे आहेत, म्हणतो आणि एकटा वल्हं मारत निघून जातो, वळूनसुद्धा बघत नाही. “हाच खरा पुरावा,” मी फोनमध्ये बोलले. “जो खरंच बदलला त्याला तिला परत मिळवायची गरज उरत नाही. तो तिला जाऊ देतो. बाकी सगळं करता येतं हो, हे एक मात्र सोंग म्हणून करताच येत नाही.” शेवट फोडला म्हणून ऐकणाऱ्यांनी मला यथेच्छ शिव्या घातल्या. मला फिकीर नव्हती. भावजी खरे असोत की खोटे, त्यांनी हे ऐकलं तर ताई वाचत होती. आणि ऐकून केलं नाही, तरी ताईला दिसणार होतं. दोन्हीकडून आपलाच फायदा, असा माझा हिशेब होता.

शनिवारी संध्याकाळी भावजी आले. ताईची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. त्यांनी बॅगेकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. बादली आणली नाही, उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले.

“उद्या तू येऊ नकोस,” ते म्हणाले. “तुझं मशीन इथे आहे, तुझी माणसं इथे आहेत. तू इथे हसतेस. मी जातो.”

आणि ते वळले आणि खरोखर जिना उतरायला लागले. मागे पाहिलं नाही. मी भिंतीला टेकले. सुटलो एकदाचे, असं म्हणणार तेवढ्यात ताईच्या तोंडून एक आवाज निघाला, आणि तिने बॅग उचलली.

“ताई! तो म्हणाला ना, येऊ नकोस म्हणून!”

“म्हणूनच,” ती म्हणाली. ती रडत होती आणि तिचा चेहरा उजळला होता. “जो मला सोडून जाऊ शकतो, त्याच्याकडे जायची आता मला भीती वाटत नाही.” तिने माझ्या गालावरून हात फिरवला, तोच अजून नीट न मिटणारा उजवा हात, आणि धडधडत जिना उतरली. आई मागून देवाचे आभार मानत होती.

मी खिडकीकडे धावले. भावजींची शिकवणीची गाडी खाली उभी होती. ते गाडीत बसलेले नव्हते. रस्त्यावर, शेजारच्या सीटचं दार उघडून धरून, इमारतीच्या जिन्याकडे तोंड करून उभे होते.

ताई गेल्यावर पहिल्या आठवड्यात मी कार्यक्रमच केला नाही. तोंड उघडायची हिंमत नव्हती. ताईचा फोन आला तेव्हा ती हळू आणि थोडकं बोलली. बाकी ठीक आहे, म्हणाली. पडद्यांची कामं घेतेस का, विचारलं तर म्हणाली, सध्या नको म्हणतो तो, घराची किल्ली त्याच्याकडेच असते, त्यामुळे गिऱ्हाइकांचं जमत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोत्यांमध्ये फोन उभा केला आणि एका तलवारबाजांच्या मालिकेवर बोलले. त्यातला म्हातारा गुरू मला का आवडतो? तर आपल्या किल्ल्याची एक किल्ली तो सुनेच्या हातात देतो आणि पुन्हा कधी विचारत नाही. खरी ताकद ती, मी म्हटलं. मालिकेत असं काही नाही. पुढच्या फोनवर ताई खुशीत होती. “अगं, त्याने मला किल्ली करून आणली!”

तेव्हापासून मी दर आठवड्याला बोलते. जो योद्धा बायकोचा फोन ऐकत नाही तो खरा योद्धा. दारं आपटत नाही तो राजा मोठा. रागावला की जो माणूस उठून बाहेर चक्कर मारून येतो, त्याच्यासारखं पात्र दहा वर्षांत लिहिलं गेलं नाही. ताईचं गिऱ्हाईक पुन्हा सुरू झालं. ती हसते. आई मला म्हणते, बघ, उगाच घाबरत होतीस. सांगण्यासारख्या खऱ्या मालिका संपल्या तेव्हा मी आणि चिमट्याने एक खोटी मालिका रचली, तिला नाव दिलं, पात्रं दिली, वाईट गाणीसुद्धा दिली. ऐकणारे विचारतात, कुठे बघायला मिळेल? शोधलंत तर सापडेल, असं चिमटा लिहितो. मालकांना वाटतं आम्हाला फार छंद आहे.

“एकदा थांबून बघ ना,” परवा चिमटा दातावर रंगाचा शेवटचा हात देत म्हणाला. “कदाचित आता त्याला सवय लागली असेल चांगलं वागायची. लागते सवय.”

लागतही असेल. मला मनापासून वाटतं की लागली असावी. पण ते बघायचं तर मला गप्प बसावं लागेल, आणि माझा अंदाज चुकला तर मोडणार आहे तो ताईचा हात. असला पुरावा मला नको.

या आठवड्यात माझा घसा बसला. ताप भरला, आवाज पार गेला, डॉक्टरांनी बोलणं बंद करायला सांगितलं. भाग टाकायचा दिवस टळून गेला. आज दुपारी अंथरुणात पडले होते तर ताईचा फोन आला. मी नुसतंच हं केलं.

“बरी आहेस ना गं?” ताईने विचारलं. ती हळू बोलत होती, मोजून, आमच्याकडे राहायला येण्याआधी बोलायची तशी. “काही नाही, हा विचारत होता. या वेळचा भाग आला नाही का अजून? सकाळपासून दोनदा विचारलं त्याने. कधी येईल, सांगू शकशील?”

मी उठले. लॅबपर्यंत जाण्याचं त्राण नव्हतं म्हणून कपाट उघडलं, कपड्यांत डोकं खुपसलं आणि फोन तोंडाशी धरला. आवाज फुटत नव्हता. तरी जेवढा निघेल तेवढ्यात, कुजबुजत, मी सुरू केलं: नमस्कार मंडळी, आज अशा एका माणसाबद्दल बोलू, ज्याला वाट बघता येते.